पोकेमॉनचे टाइप: तक्ता पाठ करायचा की समजून घ्यायचा?

काजवा

माझी भाची नऊ वर्षांची आहे. गेला महिनाभर ती माझ्या जुन्या गेमबॉय अॅडव्हान्सवर पोकेमॉन फायररेड खेळतेय. यात पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचे असतात. प्रत्येकाचे एक किंवा दोन टाइप असतात (आग, पाणी, दगड वगैरे) आणि कोणाचा मारा कोणाला दुप्पट, अर्धा किंवा शून्य लागतो ते टाइपवरून ठरतं. स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा पोकेमॉन, निवडताना तिने क्षणभरही विचार केला नाही, आगीचा चारमँडर घेतला. त्याच्या शेपटीवरची ज्योत विझली तर तो जगत नाही, हे तिला माहीत होतं आणि म्हणून त्याची काळजी आपणच घ्यायची असं तिने ठरवलं होतं.

चारमँडर घेतला की पहिल्याच जिममध्ये (तिथल्या प्रमुखाशी लढायचं असतं) ब्रॉक आडवा येतो. त्याच्याकडे जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोघेही रॉक (दगड) आणि ग्राउंड (जमीन). आगीचा मारा अर्धाच लागतो. ती दोनदा हरली. तेव्हा मी तिला टाइपचा तक्ता छापून दिला. १८ ओळी, १८ रकाने, ३२४ चौकटी. म्हटलं, हा हळूहळू पाठ कर, सगळं सोपं होईल.

तिने तक्ता बराच वेळ पाहिला आणि मग एकेक प्रश्न सुरू झाले. पाणी आगीला विझवतं, हे कळलं. आग गवत जाळते, कळलं. वीज जमिनीत जिरते, तेही कळलं. "पण किडा सायकिकला कसा काय हरवतो? मनाच्या ताकदीने वस्तू हलवणाऱ्याला किडा काय करणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "तसा नियम आहे" असं म्हणालो आणि तिचा चेहरा उतरला.

मी स्वतः वीस वर्षं हे गेम खेळतोय. तक्ता मला तोंडपाठ आहे, पण त्यातल्या निम्म्या गोष्टींमागचं कारण मी कधी शोधलंच नाही, हे त्या दिवशी जाणवलं. तर जाणकारांना विचारतो. या नात्यांना काही अर्थ आहे का, की समतोल साधायला बसवलेले आकडे आहेत? आणि लहान मुलाला हे शिकवायचं कसं?

(ताजा कलम: फायररेडमध्ये टाइप १७च आहेत, फेअरी (परी) नाही. तक्ता नवीन गेमचा छापला होता, तो आता बदललाय.)

पाणकोंबडी

आधी ब्रॉकचं बघू, कारण ती अडकली आहे. फायररेडमध्ये चारमँडर १३व्या लेव्हलला मेटल क्लॉ शिकतो. ती स्टील टाइपची मूव्ह (लढाईतली चाल) आहे आणि रॉकवर दुप्पट लागते. १९९६च्या मूळ गेममध्ये ही सोय नव्हती, तेव्हा चारमँडर घेणाऱ्यांची खरी परीक्षा असायची. शिवाय २२ नंबरच्या रूटवर मँकी मिळतो, तो फायटिंग टाइपचा. तोही रॉकला भारी.

तिला मूव्ह सांगण्याआधी एकदा गवतात हिंडू द्या. कोण सापडतं ते तिचं तिलाच बघू द्या.

कार्ट्रिजवाला

काजवा, तुमच्या भाचीने नेमकं तेच बोट ठेवलंय जिथे या गेमचा सगळा इतिहास दडलाय. जरा सविस्तर लिहितो.

पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेमबॉयवर आले. १५१ पोकेमॉन, १५ टाइप. कल्पना सातोशी ताजिरी यांची. त्यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहून त्यांच्या मनात आलं की हिच्यातून एखादा किडा एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरपटत जाऊ शकेल. म्हणजे या गेमच्या मुळाशीच किडा आहे. सुरुवातीच्या व्हिरिडियन जंगलात वीडल आणि कॅटरपी हे किडे भेटतात, ते उगाच नव्हे.

आता सायकिक. पहिल्या पिढीत, म्हणजे या सुरुवातीच्या गेममध्ये, सायकिकला आवरणारं जवळजवळ कोणीच नव्हतं. कागदावर त्याचे दोन वैरी, बग आणि घोस्ट. बगच्या मार करणाऱ्या मूव्ह तीनच आणि तिन्ही अगदी दुबळ्या: लीच लाइफ, पिन मिसाइल, ट्विनीडल. घोस्टची कथा तर त्याहून विलक्षण. गेममधलंच एक पात्र सांगतं की सायकिक भुतांना घाबरतात. प्रत्यक्षात प्रोग्रॅममध्ये ते नातं चुकीचं भरलं गेलं होतं, त्यामुळे घोस्टच्या मूव्हचा सायकिकवर शून्य परिणाम व्हायचा. वर त्या पिढीतले घोस्ट एकाच कुटुंबातले, गॅस्टली, हाँटर, गेंगार, आणि ते तिघेही अर्धे पॉइझन. पॉइझनवर सायकिक दुप्पट लागतो. म्हणजे ज्या भुताला सायकिकने घाबरायचं तेच सायकिकच्या एका फटक्यात आडवं व्हायचं.

त्यात भर म्हणजे तेव्हा स्पेशल अटॅक (काही टाइपच्या माऱ्याची ताकद) आणि स्पेशल डिफेन्स (तो मारा झेलण्याची ताकद) वेगळे नव्हते, "स्पेशल" हा एकच आकडा होता. अॅलाकझाम या सायकिक पोकेमॉनचा तो आकडा प्रचंड, म्हणून मारातही पुढे आणि झेलण्यातही पुढे. शिवाय १५१ पैकी तिसाहून जास्त पोकेमॉन पॉइझन होते, म्हणजे सायकिकसमोर आपसूक कच्चे.

१९९९मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले तेव्हा हे सगळं दुरुस्त झालं. घोस्टची चूक निस्तरली. स्पेशलचे दोन भाग झाले. डार्क आणि स्टील हे दोन नवे टाइप आले. डार्कवर सायकिकचा काहीही परिणाम होत नाही, स्टीलवर अर्धाच होतो. एकाच वेळी चारही बाजूंनी बंदोबस्त.

भाचीच्या प्रश्नाचं खेळाडूंमध्ये रूढ असलेलं उत्तर असं: सायकिकचे तीन वैरी म्हणजे बग, घोस्ट आणि डार्क. किडे, भुतं, अंधार. माणसाच्या मनाला भिववणाऱ्या तीन गोष्टी. ज्याची ताकद मनाच्या एकाग्रतेत आहे त्याची एकाग्रता मोडायला कानाजवळची गुणगुण पुरते. मला हे उत्तर फार आवडतं. किडा ताकदीने जिंकत नाही, तो लक्ष उडवतो.

निळावंती

कार्ट्रिजवाला, सुंदर प्रतिसाद. अंधाराबद्दल थोडं जोडते.

डार्क टाइपचं जपानी नाव "अकु" आहे, आणि त्याचा अर्थ अंधार नव्हे, दुष्टपणा. इंग्रजीत येताना त्याचं डार्क झालं आणि अर्थ हरवला. जपानी अर्थ धरून मूव्ह बघा: चावा घेणं, चोरी करणं, पळणाऱ्याला मागून गाठणं, डिवचणं, छळणं. सगळं दुष्ट माणसाचं लढणं. बाइट ही मूव्ह पहिल्या पिढीत नॉर्मल होती, दुसऱ्या पिढीत तिला डार्कमध्ये हलवलं, तेही याच तर्काने.

मग पुढची कोडी सुटतात. फायटिंग डार्कवर दुप्पट का? कारण शिस्तीत लढणारा योद्धा दुष्टाला धूळ चारतो. अंधाराला बुक्की मारून काय होणार, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा, "अकु" कळल्यावर तो संपला. फेअरीही डार्कवर भारी, कारण गोष्टीतली परी दुष्टाला हरवते. आणि सायकिकचा डार्कवर परिणाम शून्य, कारण खोटं बोलणाऱ्याचं मन वाचून हाती काय लागणार? (हे शेवटचं माझं स्वतःचं.)

भाचीला "अंधार" न सांगता "खोडसाळ, कावेबाज" असं सांगून बघा.

उलटफेर

गोष्टी छान आहेत, पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी स्पर्धेच्या पद्धतीने खेळतो आणि तिथे तक्ता ही निम्मीच बाजू असते.

पाणकोंबडी म्हणाल्या, मेटल क्लॉ रॉकवर दुप्पट. बरोबर. पण ऑनिक्सवर हिशेब करून पाहा. मेटल क्लॉची ताकद ५०, दुप्पट झाली की १००. एम्बर या आगीच्या मूव्हची ४०, रॉकमुळे अर्धी म्हणजे २०, पण चारमँडर स्वतः फायर टाइपचा असल्याने स्वतःच्या टाइपच्या मूव्हला दीडपट मिळते, म्हणजे ३०. १०० विरुद्ध ३०, मेटल क्लॉ कितीतरी पुढे वाटते ना? आता ऑनिक्सकडे बघा. त्याचा डिफेन्स १६०, स्पेशल डिफेन्स फक्त ४५. फायररेडमध्ये स्टीलच्या मूव्ह डिफेन्सवर आपटतात आणि फायरच्या स्पेशल डिफेन्सवर. १००ला १६०ने भागा, ३०ला ४५ने भागा. दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच येतात! 

त्यामुळे "अर्धा लागतो, वापरू नको" असं भाचीला सरळ सांगू नका. तक्ता दिशा दाखवतो, निकाल आकडे ठरवतात.

काजवा

उलटफेर, हे मी आजवर कधी मांडून पाहिलंच नव्हतं. तिच्यासमोर आज वही घेऊन बसतो. भागाकार तिला येतो.

एक शंका. स्टीलच्या मूव्ह डिफेन्सवर, फायरच्या स्पेशल डिफेन्सवर, हे टाइपवरून ठरतं का? नवीन गेममध्ये तर प्रत्येक मूव्हचं वेगळं असतं.

उलटफेर

फायररेडमध्ये टाइपवरूनच ठरतं. पहिल्या तीन पिढ्यांमध्ये तसंच होतं. नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, पॉइझन, ग्राउंड, रॉक, बग, घोस्ट आणि स्टील हे फिजिकल, म्हणजे अटॅक आणि डिफेन्सवर चालणारे. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क हे स्पेशल, म्हणजे स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्सवर चालणारे. २००६मध्ये डायमंड आणि पर्ल आले तेव्हापासून प्रत्येक मूव्हला स्वतंत्र शिक्का मिळाला.

जुन्या पद्धतीत काही जणांचे फार हाल झाले. स्नीझल डार्क आणि आइस, दोन्ही स्पेशल, पण त्याचा अटॅक ९५ आणि स्पेशल अटॅक ३५. नखं एवढी धारदार आणि स्वतःच्याच टाइपच्या मूव्ह हातात मऊ पडतात. ग्यारडोसचा अटॅक १२५, स्पेशल अटॅक ६०, आणि पाण्याच्या सगळ्या मूव्ह स्पेशल. गेंगारचं बरोबर उलट, स्पेशल अटॅक १३० आणि शॅडो बॉल फिजिकल. २००६च्या बदलाने या तिघांनाही न्याय मिळाला. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सगळ्यात मोठा बदल तोच, नवीन टाइप येण्यापेक्षाही मोठा.

शेपटीवरचादिवा

ग्यारडोस ड्रॅगन नाही हे मला पटतच नाही! आणि चारमँडरचं शेवटचं रूप चारिझार्डसुद्धा! दोघेही दिसायला शंभर टक्के ड्रॅगन.

निळावंती

दिसण्याचं पटतं. पण पहिल्या पिढीत ड्रॅगन हा दुर्मीळ मान होता, ड्रॅटिनी, ड्रॅगनेअर, ड्रॅगोनाइट एवढ्यांनाच दिलेला. ग्यारडोस वॉटर आणि फ्लाइंग, दोन्हींना वीज दुप्पट, म्हणून विजेचा मारा त्याला चौपट लागतो. चारिझार्ड फायर आणि फ्लाइंग, त्याला रॉक चौपट. अंड्यांच्या गटात (कोणाची कोणाशी जोडी जमते ते सांगणाऱ्या) मात्र दोघांनाही ड्रॅगन गटात ठेवलंय, म्हणजे नातं अगदीच नाकारलेलं नाही. आणि २०१३च्या एक्स आणि वाय या गेममध्ये मेगा चारिझार्ड एक्स (चारिझार्डचं लढाईपुरतं रूप) खरोखर फायर आणि ड्रॅगन झाला. तुमचं मागणं १७ वर्षांनी पूर्ण झालं म्हणायचं.

शेपटीवरचादिवा

काळा, निळ्या ज्वाळांचा. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

रानवारा

एक्स-वायचा विषय निघालाच आहे तर माझं मत मांडते. त्यात नव्याने आलेला फेअरी टाइप आणायला नको होता. क्लेफेरी, जिग्लिपफ, गार्डेव्हॉर अशा जुन्या पोकेमॉनचे टाइप इतक्या वर्षांनी बदलले. सेबलाय आणि स्पिरिटूम, घोस्ट आणि डार्क, यांना एकही वैरी टाइप नव्हता, ते त्यांचं वैशिष्ट्य होतं. तेही गेलं.

उलटफेर

रानवारा, सेबलायबद्दलची हळहळ समजते. पण त्याआधी ड्रॅगनने काय मांडलं होतं ते आठवा. ड्रॅगनची मूव्ह अर्ध्यावर आणणारा एकच टाइप होता, स्टील. आउटरेज या ड्रॅगन मूव्हची ताकद १२०, गार्चॉम्प किंवा सॅलामेन्ससारख्या ड्रॅगनने ती सुरू केली की समोर स्टील नसेल तर एकामागून एक पोकेमॉन पडायचे. म्हणून प्रत्येक टीममध्ये स्टील ठेवावाच लागायचा. स्टील तेव्हा ११ टाइपचा मार अर्धा झेलायचा, वर पॉइझनचा परिणाम शून्य. सगळ्यांच्या टीम एकमेकींसारख्या दिसायला लागल्या होत्या.

फेअरीवर ड्रॅगनचा परिणाम शून्य. फेअरी ड्रॅगन, डार्क आणि फायटिंगवर दुप्पट. आणि तिचे वैरी स्टील आणि पॉइझन. हे पॉइझन महत्त्वाचं आहे. दुसऱ्या पिढीपासून पॉइझनच्या मूव्ह फक्त ग्रासवर दुप्पट लागायच्या, म्हणून कोणी ठेवत नसे. एका बदलाने त्या कामाच्या झाल्या. त्याच वेळी स्टीलवरचा घोस्ट आणि डार्कचा अर्धा मारही पूर्ववत केला.

रानवारा

पॉइझनचा मुद्दा मान्य. माझा गार्डेव्हॉर आधीपासून होता, तो रातोरात वेगळा कोणीतरी झाला असं वाटलं, ते दुःख आहेच.

कार्ट्रिजवाला

टाइप बदलण्याची सुरुवात मात्र फेअरीने झाली नाही. मॅग्नेमाइट आणि मॅग्नेटन पहिल्या पिढीत नुसते इलेक्ट्रिक होते, दुसऱ्या पिढीत त्यांना स्टील मिळाला. लोखंडी गोळा आणि दोन चुंबकं, स्टील त्यांच्या अंगात आधीपासून होतंच. मला गार्डेव्हॉरबद्दलही तसंच वाटतं, नाव उशिरा मिळालं एवढंच.

हिमकण

आइसबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा प्रतिसाद लिहितोय.

आइस माझा सर्वांत आवडता टाइप आणि सर्वांत नाजूकही. तो फक्त एकाच टाइपचा मार अर्धा झेलतो, स्वतःचा. वैरी चार: फायर, फायटिंग, रॉक, स्टील. पण मारायला उभा राहिला की ग्रास, ग्राउंड, फ्लाइंग, ड्रॅगन, चौघांवर दुप्पट. ड्रॅगोनाइट ड्रॅगन आणि फ्लाइंग आहे, त्याला आइस चौपट लागतो. गार्चॉम्प ड्रॅगन आणि ग्राउंड, त्यालाही चौपट. सगळ्यांना भिववणाऱ्या प्राण्यांना हाच एक नाजूक टाइप पाडतो.

मला यात चूक दिसत नाही, स्वभाव दिसतो. बर्फ असाच असतो, धारदार आणि ठिसूळ. २०२२च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये गारपिटीच्या जागी हिमवर्षाव आला आणि त्यात आइस टाइपचा डिफेन्स दीडपट होतो. ते वाचून मला फार बरं वाटलं. ठिसूळपणा तसाच ठेवला, फक्त त्याला त्याचं हवामान दिलं.

पाणकोंबडी

हिमकण, लिहीत राहा. हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

काजवा, शिकवण्याबद्दल. मी माझ्या मुलाला तक्ता दाखवलाच नाही. एक पोकेमॉन घ्यायचा आणि विचारायचं, हा कोणाला घाबरत असेल? आधी अंदाज, मग गेममध्ये खात्री. त्याला ईव्हीने सर्वांत जास्त शिकवलं. ईव्ही नॉर्मल, आणि तिची आठ रूपं: व्हेपोरिऑन वॉटर, जोल्टिऑन इलेक्ट्रिक, फ्लेरिऑन फायर, एस्पिऑन सायकिक, अम्ब्रिऑन डार्क, लीफिऑन ग्रास, ग्लेसिऑन आइस, सिल्व्हिऑन फेअरी. एकाच प्राण्याचे आठ स्वभाव. कोण कोणाशी भांडेल ते तो तासन् तास मांडत बसायचा. फायररेडमध्ये ईव्ही एकच मिळते आणि सहसा पहिल्या तीनपैकीच एक रूप घ्यायचं असतं, तेव्हा तो निर्णय तिचा तिलाच घेऊ द्या.

थोडी मोठी झाली की शेडिन्जा दाखवा. बग आणि घोस्ट, एचपी (जीव) फक्त १, पण वंडर गार्ड या खास गुणामुळे त्याला फक्त दुप्पट लागणाऱ्या मूव्हच लागतात. फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट, डार्क. बाकी सगळे टाइप त्याच्या अंगावरून निघून जातात. तक्ता समजला आहे की नाही हे त्या एका पोकेमॉनवरून कळतं.

काजवा

आठवड्यानंतर लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

ब्रॉक झाला. वहीत भागाकार केले, मग तिने एम्बर आणि मेटल क्लॉ दोन्ही मूव्ह ऑनिक्सवर वापरून त्याच्या जीवाची पट्टी किती कमी होते ते मोजलं. उलटफेर, तुमचा हिशेब तंतोतंत जुळला नाही, पण फरक अगदी थोडा होता, आणि ते पाहून ती जागची उठून नाचली.

खरी गोष्ट पुढची आहे. दुसरी जिम लीडर मिस्टी, तिची स्टारमी २१ लेव्हलची, वॉटर आणि सायकिक. चारमेलिऑनचं (चारमँडरच्या पुढच्या रूपाचं) तिथे काही चालेना. मी गप्प बसलो होतो. ती म्हणाली, "हिला पाणी आहे तसं मनही आहे ना? मग हिला किडा चालेल."

जंगलात पकडलेला वीडल तिने सोडला नव्हता, तो बीड्रिल झाला होता. मी म्हटलं, बीड्रिल अर्धा पॉइझन आहे, सायकिक मूव्ह आली तर त्याला दुप्पट लागेल. तिने आधीच्या हरलेल्या लढाईत स्टारमीच्या मूव्ह वहीत लिहून ठेवल्या होत्या: स्विफ्ट, रिकव्हर, रॅपिड स्पिन, वॉटर पल्स. सायकिकची एकही नाही. मग दोन दिवस खपून बीड्रिलला २०व्या लेव्हलला नेलं, तिथे तो ट्विनीडल शिकतो. कार्ट्रिजवाल्यांनी दुबळी म्हणून सांगितलेली तीच मूव्ह. एका डावात दोन वार, दोन्ही दुप्पट.

दुसऱ्या लढाईत स्टारमी पडली.

आता सर्जच्या विजेच्या जिमआधी ती डिगलेटच्या गुहेत फिरतेय. डिगलेट ग्राउंड टाइपचा. तक्ता टेबलावर तसाच पडलाय, मी काही सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "वीज जमिनीत जिरते, तूच म्हणालास ना?"